वरून लावलेलं केरॅटिन जातं कुठे? (त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातली प्रथिनं)

सातबारा

मेडिकलच्या दुकानात हल्ली ‘केरॅटिनयुक्त’, ‘कोलॅजेनयुक्त’ अशा डब्या दर्शनी मांडलेल्या असतात. मी बरीच वर्षं क्रीम बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो, त्यामुळे घरीदारी मला हमखास विचारलं जातं की याने काही होतं का. एका वाक्यातलं उत्तर असं की त्वचेच्या वरच्या थराला लागणारी प्रथिनं त्वचा स्वतःच आतून तयार करते, बाहेरून ती भरता येत नाहीत. पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही, म्हणून हा धागा.

आधी जागा नक्की करू. आपण हाताला हात लावतो तेव्हा जिला स्पर्श होतो ती कातडी जिवंत नसते. मेलेल्या, चपट्या पेशींचे साधारण पंधरा-वीस पापुद्रे एकमेकांवर बसलेले असतात. या थराचं नाव स्ट्रॅटम कॉर्नियम. सगळा मिळून जाडीला १० ते २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तळहात-तळपाय सोडून. शरीरातलं पाणी उडून जाऊ न देणं आणि बाहेरचे जंतू, साबण, धूळ आत न घेणं ही कामं मुख्यतः एवढ्याशा जाडीवर चालतात. कोलॅजेन असतं ते याच्या खाली, अंतस्त्वचेत. म्हणजे कोलॅजेनच्या डबीचा या थराशी तसा संबंधच नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचे त्वचारोगतज्ज्ञ पीटर इलायस यांनी या थराला विटा आणि चुन्याच्या भिंतीची उपमा दिली, ती आता पाठ्यपुस्तकांतही आहे. विटा म्हणजे पेशी, चुना म्हणजे मधले स्निग्ध पदार्थ: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. जाहिरातवाल्यांनी चुना भरपूर गाजवला (सिरॅमाइड हा शब्द आता शाळकरी मुलींनाही माहीत आहे). विटेकडे मात्र फारसं कोणी बघत नाही.

विटेत भरलंय काय? कोरड्या वजनाच्या साधारण ८० टक्के केरॅटिन. पण केरॅटिन हे एक प्रथिन नाही, मोठं खटलं आहे. बाह्यत्वचेच्या तळाशी, जिथे पेशी जन्मतात, तिथे केरॅटिन ५ आणि १४ ही जोडी असते. पेशी तळ सोडून वर सरकली की ती ही जोडी बनवायचं थांबवते आणि केरॅटिन १ आणि १० बनवायला लागते. तळव्यांवर यात केरॅटिन ९ ची भर पडते. तळाची जोडी सदोष असेल तर जरा घासलं तरी अंगावर फोड येतात, इतका केरॅटिनच्या धाग्यांचा आधार महत्त्वाचा.

नुसते धागे असून भागत नाही, त्यांच्या जुड्या बांधाव्या लागतात. इथे येतं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन, या चर्चेचं खरं मुख्य पात्र. पेशी वरच्या दाणेदार थरात पोचते तेव्हा तिच्यात काळपट दाणे दिसतात. त्यांत प्रोफिलॅग्रिन साठवलेलं असतं. अवाढव्य रेणू, ४ लाख डाल्टनच्याही वरचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), एकाच नमुन्याचे दहा ते बारा तुकडे सलग जोडलेला. वेळ आली की त्याचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा म्हणजे सुमारे ३७ हजार डाल्टनचं फिलॅग्रिन. ते केरॅटिनच्या धाग्यांना आवळून बांधतं आणि पेशी चपटी होते.

गंमत पुढेच आहे. हे काम झालं की फिलॅग्रिन टिकत नाही. पेशी आणखी वर सरकली की विकरं (एन्झाइम) त्याचे पार अमिनो आम्लांपर्यंत तुकडे करतात. हिस्टिडीनपासून युरोकॅनिक आम्ल होतं, ग्लुटामिनपासून पायरोलिडोन कार्बोक्सिलिक आम्ल. हे सगळं पाणी धरून ठेवणारं मिश्रण आहे. त्वचेच्या स्वतःच्या आर्द्रताधारक पदार्थांपैकी निम्म्याच्या आसपास माल एकट्या फिलॅग्रिनच्या मोडतोडीतून येतो. म्हणजे हे प्रथिन नुसतं असून उपयोग नाही, ते योग्य जागी, योग्य वेळी मोडावं लागतं. डबीतून लावलेल्या कुठल्या प्रथिनाला हे वेळापत्रक ठाऊक असणार?

विटेच्या कवचाबद्दल खाली लिहितो, इथे फार लांबेल.

ओवीकाठ

वाचतेय. कवचाची वाट बघतेय.

एक शंका. वरून लावलेलं आत जातच नाही म्हणता, मग वेदनेचा पट्टा चिकटवतात त्यातलं औषध कसं जातं?

सातबारा

रेणू किती मोठा आहे त्यावर. २००० साली बॉस आणि माइनार्डी यांनी एक ठोकताळा मांडला: साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू धड त्वचेतून आत शिरत नाही. पट्ट्यातली औषधं त्या मर्यादेच्या आतली असतात. निकोटिन १६२, वेदनेच्या पट्ट्यातलं फेंटानिल ३३६. आता केरॅटिनचं वजन बघा, ४० हजारांपासून पुढे. कोलॅजेन ३ लाख. क्रीममध्ये घालतात ते तुकडे केलेलं असतं हे खरं, पण ते तुकडेही बहुतेक वेळा हजारांत असतात. ते वर बसतात, थोडं पाणी धरतात, हाताला मऊ लागतं. आंघोळ केली की गेले. वाईट काहीच नाही त्यात, फक्त जे ग्लिसरीन थोड्या पैशात करतं त्याचे हे आठपट घेतात.

पाटावरवंटा

आमच्या आजीने आयुष्यभर डाळीचं पीठ आणि साय लावली. सायीत प्रथिन, डाळीत प्रथिन. ऐंशीव्या वर्षी चेहऱ्यावर सुरकुती नव्हती. आता तुम्ही म्हणणार तेही डाल्टनमध्ये बसत नाही.

सातबारा

नाहीच बसत. पण आजींनी साबण लावला नाही, हे तुम्ही हिशेबात धरलेलं नाही. ते आर्द्रताधारक मिश्रण पाण्यात विरघळणारं असतं, साबणाने भराभर धुऊन निघतं. शिवाय नेहमीच्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १०, त्वचेच्या पृष्ठभागाचा साधारण ५ च्या आसपास. सायीतलं तूप वर थर धरतं तो फायदा वेगळाच. तेव्हा आजींना दंडवत, डाळीच्या प्रथिनाला नाही.

पाटावरवंटा

बरं. आजीला दंडवत मिळाला, माझं काम झालं.

नळावरची_कळशी

मी त्वचारोग विभागात काम करते, त्यामुळे कवचाचं मीच थोडं लिहू का? सातबाराकाका, राहिलेलं तुम्ही घाला.

जिवंत पेशीभोवती मेदाचं पातळ आवरण असतं. पेशी मरायच्या बेताला आली की त्याच्या आतल्या बाजूला प्रथिनांचं एक कवच उभारलं जातं आणि मूळ आवरण निघून जातं. पहिलं अस्तर इन्व्होल्युक्रिनचं. ते १९७९ साली राइस आणि ग्रीन यांनी वर्णन केलं. मग त्यावर लॉरिक्रिन येऊन बसतं आणि तेच सगळ्यात जास्त: कवचाच्या प्रथिनाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक. ही सगळी प्रथिनं एकमेकांना जोडणारं विकर म्हणजे ट्रान्सग्लुटामिनेज. ते एका प्रथिनातलं ग्लुटामिन आणि दुसऱ्यातलं लायसिन यांच्यात असा बंध घालतं की तो साध्या पाचक विकरांनी तुटत नाही. प्रयोगशाळेत त्वचा तीव्र डिटर्जंटमध्ये उकळली तर बाकी सगळं विरघळतं, हे कवच मागे राहतं. बाहेरच्या बाजूने याच कवचाला सिरॅमाइडचे रेणू पक्के जोडलेले असतात, म्हणजे चुना विटेला धरतो तो इथे.

आता यातला कोण नसला तर किती बिघडतं, ते बघा. २००० साली लॉरिक्रिन नसलेले उंदीर तयार केले. एवढा सत्तर टक्के माल गायब, म्हणजे पिल्लं जगणार नाहीत असं कोणालाही वाटेल. जन्मली ती लालसर, चकचकीत कातडीची, पण चार-पाच दिवसांत त्यांची त्वचा बरीच नेहमीसारखी झाली. दुसरी प्रथिनं जास्त बनवून शरीराने जागा भरून काढली होती. उलट ट्रान्सग्लुटामिनेज १ बिघडलं तर भरून काढणारं कोणी नाही. ती बाळं बऱ्याचदा अंगाभोवती चकचकीत पातळ कातड्याचं वेष्टण घेऊन जन्मतात. ते फाटून गळतं आणि मग मोठमोठे खवले येतात. ओपीडीत अशी मुलं येतात तेव्हा उन्हाळ्याच्या चार महिन्यांची मला सगळ्यात काळजी असते, कारण खवल्यांखाली घामाच्या वाटा बुजलेल्या असतात. घाम न आल्याने मूल तापतं. ओलं फडकं, पंखा, दुपारी बाहेर न सोडणं हे औषधाइतकंच ठासून सांगावं लागतं.

ओवीकाठ

बाप रे. हे विकर सगळ्या अंगावर सारखंच बिघडतं का?

नळावरची_कळशी

चांगला प्रश्न. एक प्रकार असा आहे की पोट, पाठ, काखा, डोकं इथे खवले आणि हात, पाय, चेहरा बराच मोकळा. पोहायचा एकसंध पोशाख घातल्यासारखी आकृती दिसते, इंग्रजीत नावही तसंच पडलंय. कारण शोधलं तेव्हा सापडलं की त्या रुग्णांत विकराचा जो बदललेला प्रकार आहे तो उष्णतेला नाजूक आहे. अंगाच्या गरम भागात तो काम सोडतो, हातापायांना जिथे दोन-तीन अंश कमी असतात तिथे निभावून नेतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रुग्णाच्या पाठीवर हात ठेवून बघावंसं वाटलं होतं.

आगगाडी

सुंदर चर्चा. माझा विषय थोडा स्वार्थी आहे. मुलगी सहा वर्षांची, कोपर-गुडघ्यांच्या खोबणीत इसब. डॉक्टर म्हणाले त्वचेचं आवरण कच्चं आहे. हे फिलॅग्रिनचंच का? तपासणी करून घ्यावी का?

सातबारा

किस्सा सांगतो, मग उत्तर कळशीताई देतील.

इक्थिओसिस व्हल्गॅरिस म्हणून एक आजार आहे. पायांवर बारीक खवले, तळहातावर नेहमीपेक्षा जास्त आणि ठसठशीत रेषा. साधारण अडीचशे माणसांत एकाला. यांच्या त्वचेत ते काळपट दाणे कमी किंवा गायब असतात हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं. संशय फिलॅग्रिनवरच होता. पण जनुक वाचता येईना, कारण तेच ते जवळपास हुबेहूब तुकडे दहा-बारा वेळा. वाचलेला तुकडा तिसरा की नववा हे कळायलाच मार्ग नाही. स्कॉटलंडच्या डंडीत अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने २००६ साली ते फोडलं. आर-५०१-एक्स आणि २२८२-डेल-४ असे दोन दोष सापडले, दोन्हींमुळे प्रथिन अर्धवट राहतं. त्याच वर्षी त्यांनी आयरिश, स्कॉटिश, डॅनिश मुलांत दाखवलं की हेच दोष असलेल्यांना इसबाचा धोका खूप वाढतो. त्याआधी इसब म्हणजे आधी प्रतिकारशक्तीचा बिघाड, त्वचा नंतर, असा बहुतेकांचा समज होता. तो तिथे उलटा झाला.

नळावरची_कळशी

आगगाडीताई, जनुकाच्या तपासणीने तुमच्या उपचारात काही बदलणार नाही, म्हणून घाई नको. दोन कारणं. एक, युरोपात दहातल्या जवळपास एकाकडे असा दोष असतो आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना इसब कधीच होत नाही. उलट इसब असलेल्या कित्येकांत जनुक ठणठणीत असतं. ते दोन गाजलेले दोषही युरोपातले. जपान, चीनमध्ये वेगळे निघाले, आपल्याकडेही युरोपची यादी जशीच्या तशी लागू होत नाही.

दुसरं कारण जास्त कामाचं. त्वचेत दाह चालू असला की जनुक चांगलं असूनही फिलॅग्रिन कमी बनतं. दाहाचे निरोप पोचवणारे रेणू, विशेषतः इंटरल्युकिन ४ आणि १३, ते उत्पादन खाली आणतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं दाह उतरवणारं मलम, ‘स्टेरॉइड आहे’ म्हणून घाबरून अर्ध्यावर सोडू नका. दाह उतरला की प्रथिनं पुन्हा बनायला लागतात. घाबरायचंच तर चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘गोरं करणाऱ्या’ मिश्र क्रीमांना घाबरा.

आगगाडी

खूप खूप आभार. मलम मी खरंच मधेच बंद करत होते. मग लहान बाळाला पहिल्यापासूनच क्रीम लावलं असतं तर टळलं असतं का? धाकटा येऊ घातलाय म्हणून विचारतेय.

नळावरची_कळशी

अभिनंदन! यावर मोठी चाचणी झाली, इंग्लंडमध्ये. १३९४ बाळं, घराण्यात ॲलर्जीचा इतिहास असलेली. निम्म्यांना पहिलं वर्षभर रोज मॉइश्चरायझर. २०२० साली निकाल आला: दोन वर्षांच्या वयाला इसबाच्या प्रमाणात फरक नाही. नॉर्वे-स्वीडनच्या चाचणीतही तसंच. कोरडेपणा असेल तर लावाच, पण इसब टाळायची लस म्हणून नको.

सातबारा

आमच्या धंद्याला हा निकाल झोंबला होता. पण मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. विटेत जे कमी आहे ते वरून लिंपून भरत नाही, हेच परत दिसलं.

करवंदाची_जाळी

रत्नागिरीहून. आमच्याकडे बारा महिने त्वचा मऊ. डिसेंबरात पुण्याला लेकाकडे गेले की तिसऱ्या दिवशी पिंढऱ्यांवर पांढरी जाळी. याचं काही शास्त्र आहे की नुसती हवा?

सातबारा

हवा आणि शास्त्र दोन्ही. १९८६ साली स्कॉट आणि हार्डिंग यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांवर दाखवलं की फिलॅग्रिनचं अमिनो आम्लांत होणारं विघटन हवेतल्या आर्द्रतेवर चालतं. गर्भात चोहीकडे पाणी, तिथे विघटन होत नाही. जन्मल्यावर कोरडी हवा लागली की सुरू होतं. अगदी दमट हवेत ठेवलं तर ते अडतं. म्हणजे त्वचा गरज बघून आर्द्रताधारक पदार्थ बनवते. दमट जागेतून एकदम कोरड्या जागी गेलं की काही दिवस हा हिशेब चुकतो, साठा कमी पडतो आणि मग जमतं. उंदरांवर हेही पाहिलंय. तुमची जाळी साधारण कधी जाते?

करवंदाची_जाळी

आठवड्याभरात कमी होते, पण मी खोबरेल चोपडते म्हणून की काय कोण जाणे.

सातबारा

दोन्हींमुळे असेल. खोबरेल चोपडत राहा. तेलांत एक गोष्ट लक्षात ठेवा: सगळी तेलं सारखी नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगात सूर्यफुलाच्या तेलाने फाटलेला थर लवकर सावरला, मोहरीच्या तेलाने उशीर केला. ढाक्यात वेळेआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावून पाहिलं तेव्हा जंतुसंसर्ग कमी झाला. आपल्याकडे महाराष्ट्रात बाळाला मोहरीने रगडायची फारशी पद्धत नाही ते बरंच आहे.

चकलीचा_सोऱ्या

मी टोकाचा प्रश्न विचारतो. या विटा एकमेकींना इतक्या घट्ट आहेत तर मग कातडी झडते कशी? न झडती तर आपण गेंडा झालो असतो.

नळावरची_कळशी

खिक्. विटा एकमेकींना रिव्हेटसारख्या प्रथिनांच्या बिंदूंनी धरलेल्या असतात: डेस्मोग्लीन १, डेस्मोकॉलिन १, कॉर्निओडेस्मोसिन. वर येता येता कॅलिक्रीन ५ आणि ७ ही विकरं हे बिंदू कापतात आणि पेशी न दिसता गळून जाते. या विकरांना लगाम असतो, आणि सामू वाढला की ती जास्त चेकाळतात. वर साबणाचा विषय आलाय तो इथे परत लागू पडतो. लगामच जन्मतः नसला तर नेदरटन सिंड्रोम, त्यात त्वचा अकाली सोलत राहते. आणि स्टॅफिलोकॉकसचे काही प्रकार नेमकं डेस्मोग्लीन १ कापणारं विष सोडतात. लहान मुलांच्या अंगावर पाण्याचे फोड येऊन सालं निघतात ना, त्यातला एक प्रकार हाच.

सातबारा

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर साधी सेलोटेप कोपराच्या आतल्या बाजूला चिकटवून ओढा आणि काळ्या कागदावर लावून उन्हात बघा. धुरकट, बारीक नक्षी दिसते. त्या तुमच्याच विटा, सगळ्यात वरच्या ओळीतल्या. त्याच जागी पुन्हा पुन्हा केलं तर दर वेळी पुढचा पापुद्रा निघतो. प्रयोगशाळेत असंच करतात आणि त्या टेपवरून आर्द्रताधारक पदार्थ किती आहेत तेही मोजतात. सुई नको, रक्त नको. (आगगाडीताई, इसब असलेल्या त्वचेवर हा खेळ अजिबात नको.)

चकलीचा_सोऱ्या

केलं! बायको म्हणते आता भिंत तरी सोलू नकोस.

पाटावरवंटा

टाचांच्या भेगांचं राहिलंच की. तिथे तर विटाच विटा आहेत, मग फुटतात का?

सातबारा

विटा जास्त म्हणूनच. तळपायाचा थर इतर अंगाच्या कितीतरी पट जाड, आणि दाब, घर्षण वाढलं की आणखी जाड होतो. तो कोरडा पडला की वाकत नाही, चालताना ताण येतो तिथे तडकतो. युरिया असलेलं मलम बघा. युरिया हा त्वचेच्या स्वतःच्या आर्द्रताधारकांपैकीच एक. १० टक्क्यांच्या आसपास तो पाणी धरतो, २० ते ४० टक्क्यांत केरॅटिन सैल करून जाड थर मऊ पाडतो. रेणू साठ डाल्टनचा, त्यामुळे आत शिरायची अडचण नाही. रात्री पाय भिजवून, पुसून लावा आणि मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल तर मात्र जास्त टक्क्यांचं लावू नका, भयंकर चुणचुणतं.

पाटावरवंटा

मोजे घालून झोपायचं म्हणजे शिक्षाच. चला, आज रात्री करून बघतो.

नळावरची_कळशी

आणि मधुमेह असेल तर टाच आधी डॉक्टरांना दाखवा, मग मलम.